मासीकडची बाई

बोहरीणवहिनीच्या दुकानात आधी बोलणी खायची आणि मग माल घ्यायचा, असं डिंगोऱ्याकडची माणसं म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. कुणी ठिबकच्या नळीचा जोड मागायला आला आणि नळी केवढ्या मापाची तेच घरी विसरून आला, की ही वहिनी, म्हणजे दुरैया, त्याला विचारते, "पावणं, लग्नाला निघताना नवरी कुणाची ते तरी ठाऊक व्हतं का?" दुकानातली माणसं हसतात, तोही हसतो. मग दुरैया दोन्ही मापांचे जोड त्याच्या पिशवीत टाकते आणि सांगते, "नाय बसंल तो परत आणा. चिखलात लोळवून आणू नका म्हंजे झालं."

जुन्नरच्या पेठेतलं हे दुकान तिच्या सासऱ्यांनी घातलेलं. आता नवरा हमजा मालाच्या मागं नारायणगाव-पुणे करतो आणि काउंटरमागं दुरैया बसते. अंगात झालरीचा रंगीत रिदा, बोहरी बायकांचा असतो तसा, आणि बोटांना ग्रीसचा वास. ती मूळची घोडेगावची. बापाचं तिथं विळे-कोयते, पत्रे, खिळे यांचं दुकान होतं. तळेघरची माणसं निम्मी वाट एसटीनं आणि निम्मी पायी तुडवत खाली यायची, दुकानाच्या पायरीवर टेकायची, पाणी प्यायची, भात कसा आलाय ते सांगायची. खिळ्यांच्या पोत्यावर बसून पोरगी ऐकायची. बोहऱ्यांच्या घरात त्यांची वेगळी गुजराती चालते, पण दुरैयाच्या तोंडात मराठी आधी आली, आणि तीही डोंगराकडची. लग्न होऊन जुन्नरला आली तेव्हा सासू कुलसुमबाई शेजारणीला म्हणाली, "बोहऱ्याची पोर म्हणून आणली, ही तर तळेघरची निघाली." म्हणाली ते हसतच. पुढं सासूच्याही तोंडी 'लई' आणि 'व्हतं' कधी आलं ते तिचं तिला कळलं नाही.

या सासूनं सुनेला जीव लावला हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. दुरैयाच्या बाळंतपणात ताप चढला तर कपाळावरची पट्टी बदलायला कुलसुमबाई होती. नात झाली म्हणून तोंड वाकडं केलं नाही. तिचं नाव अफिफा ठेवलं तेही आजीनंच. पुढं जे घडलं त्यात कुलसुमबाईचा हात आहे, पण तिला कुणी कैदाशीण समजू नये.

दुरैया सात वर्षांची असताना तिची घोडेगावची आजी तिला पुण्याला घेऊन गेली होती. कात्रजला साप दाखवते म्हणाली. आधी एका घरात नेलं. पडदे ओढलेली खोली, खाली सतरंजी, अनोळखी बाई. आजीनं तोंडावर हात ठेवला आणि कानात म्हणाली, झालं झालं, आता झालं. त्यानंतर आजीनं शब्द पाळला, हेच दुरैयाच्या डोक्यातून कधी गेलं नाही. दुसऱ्या दिवशी खरोखर कात्रजला नेलं. अजगराच्या काचेपुढं ती पाय जवळ धरून उभी होती आणि आजी म्हणत होती, "बघ की गं. तुझ्यासाठीच आलो ना?"

बोहऱ्यांत याला खतना म्हणतात. पोरीला सातवं लागलं की तिच्या नाजूक जागेचा इवलासा भाग कापायचा. जुन्या बायका त्याला 'हरामनी बोटी', म्हणजे पापाचं मांस, म्हणत. ती राहिली तर पोर वाकड्या वाटेला जाते अशी समजूत. कुणी म्हणतं धर्मात आहे, कुणी म्हणतं स्वच्छतेसाठी, कुणी नुसतं म्हणतं, आपल्यात असतं. बायकांनी ठरवायचं, बायकांनी न्यायचं, बायकांनीच गप्प बसायचं. पुरुषांना ठाऊक असूनही ठाऊक नसतं. जुन्नरात मुसलमानांची घरं पुष्कळ, पण बाकीच्यांत हे नाही. बोहऱ्यांची घरं बोटांवर मोजावी इतकी, आणि त्यांच्यातही अलीकडं काही जणी करत नाहीत. पण 'मी केलं नाही' असं एकही बोलत नाही. म्हणून प्रत्येकीला वाटतं, बाकीच्या सगळ्या करतात.

अफिफाला सातवं लागलं तेव्हा कुलसुमबाई तांदूळ निवडत होती. खडा बाजूला टाकत, मान वर न करता म्हणाली, "दीकरी, पोरीचं उरकून घ्यायला पायजे."

दुरैयाला आधीच माहीत होतं की हा दिवस येणार. तिनं उत्तरही ठरवून ठेवलं होतं. "मा, मी माझ्या मासीकडं नेते. कोंढव्यात तिच्या वळखीची एक बाई हाय. हात लई हलका हाय म्हणं."

"हलका हात असला म्हंजे बरं," कुलसुमबाई म्हणाली आणि पुढची मूठ निवडायला घेतली. बोलणं तिथं संपलं.

शिरीनमासी म्हणजे दुरैयाच्या आईची धाकटी बहीण. मूलबाळ नाही, नवरा गेलेला, घरात मांजरांचा गोतावळा. अफिफा तिथं मांजरांशी खेळली, गच्चीवर पतंग बघितले, पोटभर खाल्लं. तिच्या अंगाला कुणी बोट लावलं नाही. निघताना मासीनं तिला जवळ घेऊन शिकवलं, "घरी गेल्यावर झोपून राहायचं. दादी काय विचारायची नाही. विचारलंच तर म्हणायचं, आता बरं आहे."

अफिफा अंथरुणात पडून राहिली. आजीनं तुपातला मलिदा करून घातला, डोक्यावरून हात फिरवला, आणि खरोखर काहीच विचारलं नाही. हमजानं दुकान बंद करताना विचारलं, "सगळं ठीक?" दुरैया म्हणाली, "ठीक." त्यानं शटर ओढलं. दुरैयाला वाटलं, एवढं सोपं होतं? लोखंडी दार समजून धक्का मारायला जावं आणि तो नुसता पडदा निघावा, तसं झालं.

त्याच सुमारास दिलशाद दुकानात आली. दिलशाद पेठेतलीच, आशा सेविका. मुसलमानच, पण सुन्नी. घराला नळाची तोटी हवी होती. तोटी बघता बघता म्हणाली, "दुरैयाबेन, राग मानू नको. परवाच्या ट्रेनिंगला एक मॅडम सांगत व्हत्या, तुमच्यात पोरींचं काय तरी करत्यात म्हणं. मी म्हणलं आमच्यात तर असलं ऐकलं नाय कधी. खरं का?"

दुकानात गिऱ्हाईक होतं. पत्र्याचं माप सांगत उभं होतं.

"जुन्या काळी असंल बाई," दुरैया म्हणाली. "आता कोण करतंय? ही तोटी ने, पितळेची हाय, तुझ्या नातवापत्तुर टिकंल."

दिलशाद मानेनंच बरं म्हणाली आणि गेली. दुरैयानं बाहेर सांगितलं आमच्यात होत नाही, घरात सांगितलं झालं. दोन्हीकडं तिची पोर सुरक्षित राहिली. तिला स्वतःचं कौतुक वाटलं होतं तेव्हा, हे ती पुढं स्वतःलाच अनेकदा सांगायची, दात दुखतोय म्हणून मुद्दाम जिभेनं दाबून बघावा तसं.

हमजाची धाकटी बहीण तहेरा मंचरला दिलेली. तिचा नवरा जुजर याचं मोटर वाइंडिंगचं दुकान. खाली दुकान, वर घर. तहेरा बीकॉम झालेली, बोलायला मऊ, आणि दुरैयावर तिचा फार जीव. सासरी काही झालं की आईला फोन न करता भाभीला करायची. तिला दोन मुली, इन्सिया आणि रुकैया. दुरैयाचं लग्न झालं तेव्हा तहेरा कॉलेजात होती. दोघी गच्चीवर कपडे वाळत घालायला म्हणून जायच्या आणि तासभर खाली यायच्या नाहीत. कुलसुमबाई खालून ओरडायची, "कपडे वाळून परत ओले झाले का गं?"

इन्सियाला सातवं लागलं तेव्हा तहेरा माहेरी आली. दुरैया दुकानाच्या मागच्या खोलीत खोक्यांतून नळ्यांचे एल्बो वेगळे करत होती. तहेरा तिच्याजवळ खाली बसली, एल्बो हातात घेऊन उगाच फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, "भाभी, मोबाईलवर मी वाचलंय खूप. माझं मन होत नाही. मा म्हणते अफिफाचं झालं, काहीसुद्धा झालं नाही तिला. तू खरं सांग. लई त्रास झाला का पोरीला?"

मधल्या दाराला पडदा होता. पडद्यापलीकडं कुलसुमबाई जपमाळ घेऊन बसली होती. मणी सरकल्याचा आवाज येत होता, आणि तहेरानं विचारल्याबरोबर तो आवाज थांबला.

दुरैयाला तो थांबलेला आवाज ऐकू आला. तिला वाटलं, आत्ता खरं बोलले तर अफिफाला उद्या परत कोंढव्याला न्यावं लागेल, आणि या वेळी सासू बरोबर येईल.

"काय नाय झालं," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी पोरगी पळाया लागली."

तहेरानं सुस्कारा सोडला. सुटल्यासारखा. पलीकडं मणी पुन्हा सरकू लागले.

त्यानंतर कुलसुमबाई स्वतः लेकीला आणि नातीला घेऊन पुण्याला गेली. दुरैयाला दुकान सोडून जाणं जमण्यासारखं नव्हतं, आणि सासू मासीकडं गेली तर सगळं उघडं पडेल, म्हणून मासीची बाई गावाला गेलीय असं तिनं घाईघाईत सांगून टाकलं. म्हणून कुलसुमबाईनं दुसरीच कुणी बाई शोधली, नात्यातल्या नात्यात ऐकून.

इन्सियाचं रक्त थांबेना. परतीच्या वाटेवर खेडच्या घाटातच तहेराच्या मांडीवरचा टॉवेल भिजला. मंचरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी दोनदा विचारलं काय झालं म्हणून, तहेरा दोन्ही वेळा म्हणाली, सायकलवरून पडली. पोर वाचली. ताप उतरला, जखम भरली. पण ज्या इन्सियाला घेऊन गेले होते ती परत आली नाही. शाळेत दिवसभर पाणी पीत नसे, लघवीला जावं लागेल म्हणून. घरी बाथरूमचं दार लावून आत बसून राही. बाहेरून तहेरा हाका मारी, आतून उत्तर नाही. आई वेणी घालायला मागं बसली तरी पोरीचे खांदे वर जायचे. नानीचं नाव काढलं की उठून जायची. सगळ्यात वाईट म्हणजे ती रडत नव्हती.

तहेरा फोनवर दुरैयाला म्हणायची, "अफिफाला काहीच झालं नाही आणि माझ्याच पोरीला का गं? माझंच काही चुकलं. निघताना मी नमाज चुकवली होती."

"नमाजाचं काय नाय त्यात," दुरैया म्हणायची.

"मग कशाचं आहे?"

आणि दुरैया म्हणायची, गिऱ्हाईक आलंय, ठेवते.

तिची विनोदाची सवय त्या काळात सुटली नाही, उलट वाढली. दिवसभर दुकानात ती माणसांना हसवायची. दुपारी शटर निम्मं ओढलं की खिळ्यांच्या खोक्यावर बसून राहायची. हमजानं एकदा विचारलं, "तुला बरं नाही का?" ती म्हणाली, "कंबर धरलीय." त्यानं मलम आणून दिलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याला जेवढं सांगितलं जाई तेवढ्यावर तो इलाज करी.

दिवस गेले. रुकैयाला सातवं लागलं. दुरैयाला वाटलं होतं, एकीचं असं झाल्यावर दुसरीचं कोण नाव काढतंय. पण तहेराच्या सासूनं काढलं, आणि कुलसुमबाईनं री ओढली: पहिलीच्या वेळी बाई अनाडी मिळाली, यात रिवाजाचा काय दोष? अवघडलेलं बाळंतपण झालं म्हणून कुणी पोरं व्हायची थांबवतं का? तहेरानं खूप दिवस टोलवलं आणि मग एक दिवस दुरैयाला फोन केला.

"भाभी, मी एकाच अटीवर हो म्हटलंय. मासीकडची बाई. अफिफाचं जिनं केलं तीच. दुसऱ्या कुणाच्या हाती मी पोरगी देणार नाही. तू स्वतः ने. तुझ्यावर सोडते मी."

दुरैयाच्या हातात पंपाचा फूटव्हॉल्व्ह होता. तो तिनं काउंटरवर ठेवला. "बघते मासीला विचारून," ती म्हणाली.

मासीनं सगळं ऐकून घेतलं आणि फोनवर हसली. "आण की मग. त्यात काय? अफिफासारखीच मांजरांशी खेळेल आणि जाईल."

"मासी, ती बाई नाहीच हाय ना पण."

"वेडी आहेस. तू काय एकटीच आहेस असं वाटलं तुला? तुझ्याआधी एक येऊन गेली, तुझ्यामागून आणखी आल्या. सगळ्या घरी जाऊन सांगतात, मासीकडच्या बाईचा हात हलका आहे. आता तर अनोळखी बायका माझा पत्ता विचारतात." वर म्हणाली, "माझी बाई लई नावाजलेली आहे."

दुरैयाला हसू आलं नाही. तिच्या डोळ्यांपुढं बायकांची एक रांग उभी राहिली. मासीकडं न आलेल्या बायकांची. कुणीतरी त्यांनाही सांगितलं असेल, काय नाय झालं, दुसऱ्या दिवशी पळायला लागली. आणि त्या आपापल्या पोरी घेऊन खऱ्या बायांकडं गेल्या असतील.

तरीही तिनं रुकैयाला मासीकडं न्यायचंच ठरवलं. सोपं होतं ते. पोर वाचेल, तहेराचं मन राहील, सासू सुखानं झोपेल, आपलं जुनं कुणाला कळणार नाही. बोलण्यानं इन्सियाचं काही परत येणार आहे का? असं तिनं नारायणगावपासून मंचरपर्यंत स्वतःला समजावलं. एसटीत शेजारी बसलेली म्हातारी तिला दोनदा म्हणाली, "काय म्हणलीस गं बाय?" इतकं ते तोंडातून बाहेर येत होतं.

मंचरला पोचली तेव्हा तहेरा वरच्या खोलीत रुकैयाची पिशवी भरत होती. रुकैया खाली दुकानात तांब्याच्या तारेची रिकामी रिळं रचून मनोरा करत होती. पुण्याला मांजरं बघायला जायचंय एवढंच तिला ठाऊक. दुरैया जिन्यावरून वर निघाली तर वळणावर इन्सिया बसलेली. गुडघ्यांवर पुस्तक, पण पान उलटत नव्हतं, पुस्तक नुसतं उघडं.

"मामी," ती म्हणाली. तिनं आपणहून हाक मारली याचंच दुरैयाला नवल वाटलं. ती एका पायरीवर टेकली.

"रुकूला तुझ्या मासीकडं नेणार ना? तिथल्या बाईच्या हातानं दुखत नाही."

"व्हय."

"अफिफादीदीला पण दुखलं नाही."

"नाय."

इन्सियानं पुस्तक मिटलं. "मग मला का नाही नेलंस तू तिथं?" तिनं विचारलं. तक्रार नव्हती आवाजात. शाळेत न कळलेलं गणित विचारावं, तसं विचारलं. "मी तुला काय केलं होतं?"

दुरैयानं पोरीच्या पायाला हात लावायला हात पुढं केला, आणि पाय मागं सरकला.

ती उठली, वर गेली, दार लोटून घेतलं.

"तहेरा, पिशवी ठेव खाली. अफिफाचं मी केलेलं नाय."

तहेराला आधी समजलंच नाही. "काय नाही केलं?"

"खतना. मासीकडं तसली कुणी बाई नाय. कधी नव्हती. अफिफा मांजरांशी खेळून परत आली. मी माला खोटं सांगितलं. मग तुला सांगितलं."

तहेरा ओरडली नाही. पिशवीतून तिनं रुकैयाचा एक फ्रॉक बाहेर काढला, घडी मोडली, पुन्हा घातली. मग दुसरा काढला. पिशवी रिकामी होईस्तोवर ती तेवढंच करत राहिली. खालून मनोरा कोसळल्याचा आवाज आला आणि रुकैयाचं हसणं.

"मी विचारलं होतं तुला," तहेरा म्हणाली. "तुझ्यापाशी बसून."

"व्हय."

"मा पलीकडं होती म्हणून?"

"व्हय. अफिफाला परत नेतील म्हणून भ्याले."

"बोलायचं नव्हतं मग. नुसता हात दाबायचा माझा." तिनं स्वतःचाच हात दुसऱ्या हातात धरून दाखवला. "एवढंच. मी समजले असते. आपण दोघी कशावरही नुसतं डोळ्यांनी बोलायचो गं. मी समजले असते."

दुरैयाला हे सुचलंच नव्हतं. इतक्या दिवसांत, खोक्यावर बसून, तिनं हजार वेळा तो प्रसंग फिरवून फिरवून पाहिला होता. खरं बोलले असते तर, गप्प बसले असते तर. पण हात दाबायचं तिच्या मनात आलं नव्हतं, आणि तो हात तेव्हा तिच्या हातापासून वीतभरही लांब नव्हता.

"तू जा आता," तहेरा म्हणाली. "रुकैया कुठंही जाणार नाही. तुझ्या मासीकडंसुद्धा नाही."

"आपुन सांगू की झालं म्हणून. तुझ्या सासूला—"

"मी नाही सांगणार तसं."

आणि तिनं तसं सांगितलं नाही. त्याच दिवशी ती सासूपुढं जाऊन उभी राहिली आणि सरळ म्हणाली, रुकैयाचं होणार नाही. नवऱ्यालाही सांगितलं, त्याला ऐकायचं नव्हतं तरी त्याच्यापुढं बसून शब्द न शब्द सांगितला, इन्सियाच्या टॉवेलापासून. घरात आदळआपट झाली. सासूनं तिच्याशी बोलणं टाकलं. जुजर दोन दिवस खाली दुकानातच जेवला, आणि मग वर येऊन आईला म्हणाला, आता हा विषय बंद. दुरैयाला हे सगळं दुसऱ्यांकडून कळलं. तहेराचा फोन आला नाही. तिनं केलेले तहेरानं उचलले नाहीत.

जुन्नरला कुलसुमबाई संतापली. "चारचौघांत नाक कापलं. जमातीत मी काय तोंड दाखवू? मंचरला पाय ठेवायची नाही मी आता." भाजी चिरता चिरता ती बोलत होती. "तू बघ, दुसऱ्याची पोर असून कशी गुमान केलंस अफिफाचं. आणि माझ्या पोटची बघ."

दुरैया कणीक मळत होती. असली स्तुती तिनं आधी बऱ्याचदा गिळली होती. आज ती घशाखाली जाईना. तिनं हात धुतले, पुसले, सासूच्या समोर येऊन बसली आणि सांगितलं. मंचरला सांगितलं तसंच, पण हळू, कारण ही म्हातारी होती.

कुलसुमबाईची सुरी थांबली. दुरैयाला वाटलं आता शिव्या येतील, घराबाहेर हो म्हणेल, हमजाला बोलावेल. त्या सगळ्याची तिची तयारी होती. कुलसुमबाईनं चिरलेल्या दुधीची परात बाजूला सारली.

"तहेरा नाही म्हणत व्हती," ती म्हणाली. "पुण्याला जाताना गाडीत पण नाही म्हणत व्हती. मी म्हणलं, अफिफाकडं बघ. अफिफाकडं बघ, म्हणलं मी तिला."

"मा."

"पोरीचे हात मी धरले व्हते, दुरैया." तिनं आपले तळवे वर केले आणि त्यांच्याकडं बघितलं. दुधीचं पाणी मनगटावरून खाली ओघळत होतं. "मला वाटलं, रडतील सगळ्याच. आपण पण रडलो व्हतो."

त्यानंतर ती दोन दिवस नीट जेवली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी रिदा घालून तयार झाली आणि हमजाला म्हणाली, मला मंचरला सोड. दुरैयाला म्हणाली, "तू पण चल." सून म्हणून की साथीला म्हणून, ते तिनं सांगितलं नाही.

मंचरला कुलसुमबाई जिना चढून वर गेली. तहेरानं दार उघडलं, आईला आत घेतलं, खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या दुरैयाकडं बघितलं आणि दार लावलं नाही, पण उघडंही ठेवलं नाही. नुसतं लोटलं. दुरैया वर गेली नाही. जुजरनं मोटरीच्या रिकाम्या खोक्यावरून फडकं मारून तिला बसायला जागा केली. हमजा त्याच्याशी पंपांबद्दल बोलत राहिला. वरून आवाज येत होते ते तुटक तुटक. कुलसुमबाई बाहेरच्या खोलीत बसली असावी आणि इन्सिया आतल्या, कारण म्हातारी मध्येच मोठ्यानं बोले, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा. ती माफी मागत होती की नुसती नावानं हाक मारत होती ते खालून कळत नव्हतं. आतून उत्तर आल्याचं काही ऐकू आलं नाही.

दुपार कलली. जिन्यावरून धाडधाड पावलं वाजली आणि रुकैया खाली आली. एका पायावर लंगडी घालत ती दुकानभर फिरली, तारेच्या रिळांवरून उड्या मारल्या, आणि दुरैयापुढं येऊन धापा टाकत थांबली.

"मामी, नानी वर रडतीय. दीदी दारच उघडत नाय. तू का नाय येत वर?"

दुरैयानं तिच्या कपाळावरचे घामेजलेले केस मागं सारले. पोरीनं ते करू दिलं.

"तुझी मम्मी बोलवंल तवा येईन."

"मी सांगू का तिला, मामी खाली बसलीय म्हणून?"

"तिला ठाऊक हाय," दुरैया म्हणाली. "तू खेळ."